परकायाप्रवेश

शंकरदिग्विजयांत अशी कथा आहे कीं, आचार्यांनीं आपला देह एका गुहेंत शिष्यांच्या स्वाधीन करून अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केला. वर्गांत ही कथा सांगूं लागलों कीं मुलें हटकून विचारीत, "गुरुजी, मागें राहिलेल्या देहाचें काय?" "शिष्य राखीत होते ना!" असें म्हणून मी पुढच्या पाठाकडे वळें. त्या प्रश्नाचें मर्म मला सेवानिवृत्तीनंतर कळलें, आणि तेंही एका संगणकामुळें.

आमचें मूळ घर पेणला. तेथें माझे वडील बंधू व वहिनी राहतात; मी रोह्यास असतों. दादांची दृष्टि मंदावल्यापासून वीजबिल, घरपट्टी, निवृत्तिवेतन हा सर्व व्यवहार सत्तरी ओलांडलेल्या वहिनीच संगणकावर पाहतात. कांहीं अडलें कीं फोन यावयाचा, "भाऊजी, पडदा गोठला!" कीं मी पिशवी घेऊन रोहें स्थानकावर हजर. शेवटीं पुतण्यानें दोन्ही घरीं दूरस्थ नियंत्रणाचें सॉफ्टवेअर बसवून दिलें. वहिनींनीं आपल्या पडद्यावरचा क्रमांक सांगावा, मीं तो येथें घालावा, त्यांनीं अनुमतीचें बटण दाबावें, कीं पेणचा पडदा माझ्यापुढें उभा! मेघदूतांतील यक्षाला हें साधन मिळतें तर मेघाची विनवणी करावी लागली नसती, असें मीं म्हटलें. दादा म्हणाले, "मग काव्यही झालें नसतें."

परंतु ही विद्या नेहमींच प्रसन्न होते असें नाहीं. पहिल्याच आठवड्यांत क्रमांक बरोबर असूनही जोडणी होईना. तासभर खटपट केल्यावर कळलें कीं, वहिनी स्वयंपाकघरांत गेल्या तेवढ्यांत त्यांचा संगणक निद्रिस्त झाला होता. निजलेल्या यंत्राला बाहेरची हाक ऐकूं येत नाहीं. म्हणून विजेच्या सेटिंगमध्यें जाऊन त्याची निद्रा बंद करावी लागते. दुसऱ्या खेपेस इंटरनेटच गेलें होतें. "माझ्या फोनवर तर सगळें दिसतें," असें वहिनी सांगत. पण फोन स्वतःच्या मोबाइल डेटावर चालत होता, आणि घरांतील राउटर पावसांत वीज गेल्यामुळें मुका झाला होता. तेव्हांपासून प्रथम संगणकावरच एखादें पान उघडून पाहण्याचा आमचा नियम आहे.

एकदां पासवर्ड तीनदां चुकला. अक्षरें तींच, बोटेंही तींच. मात्र पेणचा कळफलक मराठीवर राहिला होता. कधीं चित्र अडखळत येई. पडद्यावरील प्रत्येक हालचाल चित्ररूपानें इकडे यावी लागते. म्हणून चित्राची प्रत उतरविली व मागचा शोभेचा देखावा काढला, कीं वेग वाढतो. विंडोज जेव्हां मोठा बदल करण्यापूर्वीं परवानगी विचारतें, तेव्हां कित्येकदां माझ्याकडील पडदा काळा पडतो. तें बिघडल्याचें लक्षण नव्हे. तेथें बसलेल्या माणसानेंच "होय" म्हणावें, अशी ती योजना आहे. विंडोजमध्यें या कामाची अंगभूत सोय आहे खरी, पण तिच्या होम आवृत्तींत बाहेरच्यास आंत घेतां येत नाहीं. त्याला प्रो आवृत्ति लागते. हें न कळल्यामुळें माझी एक अख्खी दुपार फुकट गेली.

असे सहा महिने गेले, आणि मला थोडा अभिमानही चढला. मग श्रावणांत एके दुपारीं वहिनींना फोन आला. "बँकेंतून बोलतों, तुमचें केवायसी राहिलें आहे, खातें आज बंद होईल. पडद्यावरचा क्रमांक सांगा." वहिनींनीं सांगितला. अनुमतीचें बटणही दाबलें. त्या गृहस्थानें खात्याचें पान उघडावयास लावलें आणि बाण आपोआप फिरूं लागला. तेवढ्यांत वहिनींच्या मनांत आलें, "भाऊजी बाण हलवितांना सारखे बोलत असतात, हा गप्प कां?" त्यांनीं राउटरची तार उपटली आणि मला फोन केला.

पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर बँकेस कळविलें, १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदविली आणि दुसऱ्या यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलले. पैसा गेला नाहीं. दादा रागावले, पण चूक वहिनींची नव्हती. क्रमांक सांगा, बटण दाबा, हें मींच त्यांच्याकडून घोकून घेतलें होतें. तो कोणास सांगावा, हें शिकविलें नव्हतें. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच अशा फसवणुकीविषयीं बँकांना सावध केलें होतें. त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण आमच्या रोह्यांत गेलें, हें मी मुलांस अभिमानानें सांगत आलों. पण त्या बँकेची सूचना स्वतःच्या घरीं पोंचविण्याचें मला सुचलें नाहीं.

दादांनीं तें सॉफ्टवेअर कायमचें काढून टाकावयास सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "चोर आला म्हणून कोणी दार बुजवीत नाहीं, कडी लावतात." त्या कडीचे नियम आतां वहिनींच्याच अक्षरांत भिंतीवर लागले आहेत. फोन नेहमीं पेणहून व्हावा; जो स्वतः फोन करून क्रमांक मागेल तो आपला नव्हे, मग त्याचा आवाज माझ्यासारखा कां असेना. मदत करणाऱ्यानें प्रत्येक कृति बोलून करावी. त्या वेळीं बँकेचें पान उघडूं नये. काम संपल्यावर जोडणी वहिनींनींच तोडावी.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मुलें दूरदेशीं आहेत व वडील माणसें अशाच एखाद्या आकड्याच्या आधारानें कामें उरकतात. त्यांस बटण दाखविण्याआधीं हे नियम सांगावे, एवढीच विनंती. त्या दुपारीं पेणला देह राखणारा शिष्य जागा होता, म्हणून निभावलें. गुरुजींना मात्र झोंप लागली होती.