पल्सचं भोक

चेनसॉचा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जे पॅकिंग बसतं त्याला मधोमध मोठं भोक, दोन बाजूंना स्टडची दोन, आणि एका कडेला एक बारकं भोक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. सगळ्या मशिनींत ते नसतं. काहींत त्या कामासाठी वेगळी नळी असते. पण ज्या जुन्या चेनसॉमध्ये ते फ्लँजमधूनच जातं, त्यांच्यात सगळी गोम तिथंच आहे.

पिस्टन खाली-वर होतो तसा क्रँककेसमधला दाब चढतो-उतरतो. तोच दाब या भोकातून पंपाच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि पडदा टाकीतलं पेट्रोल ओढतो. मिनिटाला दहा हजार फेरे असतील तर सेकंदाला सुमारे १६७ ठोके, म्हणजेच पल्स. मोटारसायकलच्या कार्बोरेटरात फ्लोट असतो, तो आडवा केला की संपलं. झाड पाडणारा माणूस मशीन आडवी धरतो, उलटी धरतो, फांदीवर बसून डोक्याच्या वर धरतो. म्हणून इथं पडद्याचा कार्बोरेटर लागतो. आणि त्या पडद्याचा जीव या भोकात.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हे पॅकिंग ऑइल पेपरातून हातानं कापतात, भोकं पंचनं पाडतात. पंचची धार किंचित जरी उतरलेली असली तरी पेपर कापला जात नाही, फाटतो. वरून भोक गोल दिसतं, पण मागच्या अंगाला तंतू उभे राहतात. कोरडे असताना डोळ्यांना दिसत नाहीत. तेल-पेट्रोल प्यायले की फुगतात आणि भोकात आडवे येतात. मग मशीन एका ओढीत सुरू होते, इडलला छान चालते, आणि लाकडात घातली की दम सोडते. गिऱ्हाईक म्हणतं, जेट चोकअप झालाय. जेट काढून फुंकून परत बसवला की थोडा वेळ चालतेही, कारण खोलताना-बसवताना तंतू हललेले असतात. पुन्हा तेच. या एका लक्षणानं जालना जिल्ह्यात किती चांगले कार्बोरेटर भंगारात गेले असतील, त्याचा विचार केला की जीव तुटतो.

माझा यावरचा इलाज लाखेचा होता. पॅकिंग कापायचं, भोकांच्या कडांना बारीक ब्रशनं शेलॅकचा हात द्यायचा, सुकू द्यायचं, मग बसवायचं. तंतू कडेला चिकटून बसायचे, पेपर कडक व्हायचा, खरवडलेल्या फ्लँजवरचे बारीक चरेही भरून निघायचे. नुसतं पेट्रोल लाखेला काही करत नाही. इतर मिस्त्रींची मशीन परत यायची आणि माझी यायची नाही, याचं निम्मं श्रेय त्या बाटलीला होतं. मी ती फळीवर मागच्या बाजूला ठेवायचो आणि कुणी विचारलं तर ‘हाताचं काम आहे’ म्हणायचो. मला ‘उस्ताद’ म्हणवून घ्यायला फार आवडतं. एखादा लाकूडतोड्या भोकरदनहून मशीन खांद्यावर टाकून येतो, वाटेतली दुकानं सोडून माझ्याकडे येतो, तेव्हा छाती फुगते. अजूनही फुगते.

पेट्रोल बदललं आणि ती बाटली निकामी झाली. २०२२ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं, २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. सुतार फर्निचरला पॉलिश करतात ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. जे आपण स्पिरिटमध्ये कालवतो, त्याच्यावर स्पिरिट घातलेलं पेट्रोल खेळवलं तर काय राहणार? काढलेल्या पॅकिंगच्या कडा बोटाला चिकट लागू लागल्या आणि लाखेखाली दाबलेले तंतू पुन्हा उभे राहिलेले दिसू लागले. इथेनॉल वाईट असं मला म्हणायचं नाही. अंबड-घनसावंगीच्या उसाला त्यातून चार पैसे मिळत असतील तर मिळोत. पण जुन्या टू-स्ट्रोक मशिनीला ते सोसत नाही, हे विकणाऱ्यानं घेणाऱ्याला सांगायला हवं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे चेनसॉ पावसाळाभर पडून असते. टाकी भरून ठेवली की दसऱ्याला पडदा उन्हात वाळलेल्या पापडासारखा कडकड वाजतो. टाकी रिकामी करायची, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करायचा. हे मी गिऱ्हाइकाला पावतीच्या मागं लिहून देतो.

बाकीच्या मिस्त्रींपैकी काहींनी सिलिकॉन धरलं. ट्यूब दाबली, बोटानं फासलं, झालं काम. हे बघितलं की माझा संताप होतो. साधं सिलिकॉन पेट्रोलात फुगतं, सुटतं, आणि त्याचा तुकडा नेमका त्या बारक्या भोकात जाऊन बसतो. मिस्त्रींची दुसरी जात सरळ म्हणते, कार्बोरेटरच बदला. अठ्ठावन्न सीसीच्या चिनी मशिनीला ते एकवेळ पटतं. तिचा अख्खा कार्बोरेटर माझ्या मजुरीएवढ्यात येतो. पण एखाद्याची स्टिल कंपनीची ०७० असते, १०६ सीसीची, बापानं घेतलेली, अजून कडुलिंबाचा बुंधा मुकाट कापणारी. तिला बाजारातलं तयार किट बसवलं तरी हवा ओढते, कारण किटातलं पॅकिंग सपाट फ्लँजसाठी असतं आणि हिचा फ्लँज वर्षानुवर्षं आवळून दोन्ही स्टडांपाशी वाकलेला. आधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो सपाट घासायचा आणि मग त्याच फ्लँजच्या मापानं पेपर कापायचा, याला पर्याय नाही.

या मशिनींशी माझं नातं दुष्काळानं घट्ट केलं. २०१२-१३ ला अंबड, घनसावंगी, बदनापूर पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून पाहिलं, मग तोडायला काढल्या. वाळलेल्या मोसंबीचा भुसा पिठासारखा बारीक, फिल्टरमधून आत जायचा. दुकानात मशिनींची रांग असायची. मी रात्री उशिरापर्यंत पॅकिंग कापत होतो आणि मला माहीत होतं की माझं प्रत्येक चांगलं पॅकिंग उद्या कुणाची तरी बाग आडवी करणार आहे. त्या वर्षी कमाई झाली. तिचं काय करावं हे मला कळलं नव्हतं. पुढं २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या रांगेत उभी असलेली माणसं आठवली. मशीन घेऊन आलेल्यांत बागांचे मालकही होते.

लाख बाद झाल्यावर उरलं फक्त कापणं. कड मुळातच साफ हवी, झाकायला काही नाही. आणि नेमक्या याच दिवसांत माझा उजवा हात थरथरायला लागला. पंच उभा धरून हातोडी मारायची, तर पंच केसभर तिरका होतो आणि एका बाजूला तंतू राहतातच.

दुकानात एक पोरगं आहे, परतूरकडचं, आयटीआय करून आलेलं. ते हातोडी घेतच नाही. लेथवाल्याकडून त्यानं सिल्व्हर स्टीलचा पोकळ पंच करून घेतला, आतून धार लावली. पेपरखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा न ठेवता लिंबाच्या लाकडाची आडव्या छेदाची चकती ठेवतं, लाकडाचे तंतू उभे येतील अशी, आणि पंच तळहाताखाली दाबून फिरवतं. अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं. पेपरचा टिकला पंचात अडकून येतो. मी भिंग लावून मागची बाजू पाहिली. एक तंतू नव्हता. मी ‘ठीक आहे’ म्हणालो आणि पॅकिंग खाली ठेवलं. खरं म्हणजे त्याला मिठी मारायला हवी होती, पण मला हेवा वाटला, चांगलाच वाटला. इतकी वर्षं ज्या कडेसाठी मी लाख वापरली, ती कड त्यानं नुसत्या मनगटानं आणली होती.

पल्सचं भोक आता ते पोरगंच पाडतं. एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. कार्बोरेटरच्या मीटरिंगच्या बाजूला, जिथून पेट्रोल मोजून सुटतं, तिथल्या दुसऱ्या पडद्याखाली जे पॅकिंग बसतं, त्याची जाडी. ते जाड झालं की पडदा पेट्रोल उघडणाऱ्या लिव्हरपासून लांब जातो, मशीन कोरडी चालते, पिस्टन तापतो. पातळ झालं की पेट्रोल ओसंडतं. तो पेपर मी चिमटीत धरून निवडतो. पोराचं म्हणणं, मायक्रोमीटर घ्या उस्ताद, किटातल्या पॅकिंगची जाडी मोजा आणि तेवढाच पेपर आणा. मी म्हणतो, मायक्रोमीटर सैल पेपर मोजतो, मला आवळल्यानंतरचा हवा. ऑइल पेपर आवळल्यावर दबतो. एकाच जाडीचे दोन ताव सारखे दबत नाहीत. मग ते म्हणतं, आवळून, खोलून, परत मोजू. परवा त्यानं तसं मोजलंही आणि आकडे वहीत लिहून ठेवलेत. ती वही मी अजून पाहिलेली नाही.