चाळणीला न कळणारं

वैनगंगेच्या खोऱ्यातलं आमचं लालबर्रा धानाचं. इथल्या राईस मिलमध्ये भरडाईचा निकाल ओंजळीत घेतला की कळतो: अख्खा तांदूळ किती, कणी किती. औषधांच्या कारखान्यात मिलिंगचं काम हाती आलं, तेव्हा हा सवयीचा डोळा निकामी ठरला. पावडर दळण्याआधी पांढरी, दळल्यावरही पांढरीच.

दळायचं कारण साधं. कण बारीक झाला की पृष्ठभाग वाढतो, औषध लवकर विरघळतं. इन्हेलरमधलं सालब्युटामॉल तर १ ते ५ मायक्रॉनवर आणावं लागतं, नाहीतर ते घशातच बसतं. त्यासाठी जेट मिल. तिला ना पाती, ना गोळे. दाबाच्या हवेत कण एकमेकांवर आपटून फुटतात. त्या माऱ्यात कणाच्या वरच्या थरातली रेणूंची मांडणीही विस्कटते. आम्ही म्हणतो, माल अमॉर्फस झाला. असा भाग हवेतला ओलावा ओढतो, पुन्हा स्फटिक होऊ लागतो आणि शेजारच्या कणांना धरून बसतो. आज चाळणीतून भुरभुर पडलेल्या पावडरीचे काही दिवसांनी खडे होतात.

हे पकडायची एक चाचणी मला फार आवडते. दळलेलं चिमूटभर लॅक्टोज नाजूक काट्यावर ठेवायचं आणि भोवतीची आर्द्रता टप्प्याटप्प्यानं वाढवायची. वजन चढत जातं, आणि मध्येच एकदम उतरतं. रेणू पुन्हा जागेवर बसले, ओढलेलं पाणी त्यांनी सोडलं. क्ष-किरणांच्या आलेखात थोडंसं अमॉर्फस सहज निसटतं, काट्यावर सापडतं.

कधी दळताना एका स्फटिकरूपाचं दुसरंच रूप होतं. क्लोरॅम्फेनिकॉल भयंकर कडू. मुलांना घेता यावं म्हणून त्याचं पामिटेट केलं. त्याचं ‘बी’ रूप रक्तात चांगलं उतरतं, ‘ए’ फारच कमी. हा फरक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि ‘बी’ दळत राहिलं तर त्याचं ‘ए’ होतं. रेणू तोच, लेबल तेच. बारीक करण्याच्या नादात गुणच गेला.

म्हणून बॅचच्या कागदावर कणांचं माप पाहून मी सही करत नाही. मिल किती वेळ चालली, माल किती तापला, नंतर ठरलेल्या आर्द्रतेत तो किती मुरला, हे विचारतो. ‘साईझ तर पास आहे ना?’ असं घाईतला माणूस म्हणतोच. साईझ पास असते. पुढच्या टप्प्याचा मिक्सर मात्र बाकीची उत्तरं आल्यावरच सुरू होतो.