मेहकरचा बालाजी

गेल्या दिवाळींत आमचा सतरा वर्षांचा नातू आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. सारा वेळ तो संगणकापुढें बसलेला. काय चाललें आहे म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें जें सांगितलें तें वाचकांसही नवलाचें वाटेल. जपानांत चित्रें, संगीत व मजकूर यांची सांगड घालून पडद्यावर वाचावयाच्या कादंबऱ्या रचतात. त्यांपैकीं 'हिगुराशी नो नाकु कोरो नि' ही २००२ पासून भागाभागांनीं निघाली, आणि पहिला भाग कर्त्यांनीं विनामूल्य वाचावयास ठेविला. हिनामिझावा नांवाचें एक डोंगरी खेडें आहे. धरणाखालीं गांव बुडविण्याचा सरकारी बेत गांवकऱ्यांनीं लढून हाणून पाडला. पुढें दर वर्षीं उत्सवाच्या रात्रीं एक मनुष्य मरतो व एक नाहींसा होतो. आणि ओयाशिरो-सामा या ग्रामदैवताचा हा कोप, असें सारा गांव कुजबुजतो.

"आजोबा," तो म्हणाला, "गांवाचा देव म्हणजे शेवटीं गांवाची भीतीच ना?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या वर्मीं लागला. तीन वर्षांपूर्वीं आमची सहधर्मचारिणी निवर्तली. देवपूजा आमच्या नांवाची असली तरी निगा तिची. ती गेल्यावर महिना-दोन महिने आम्हीं पूजा कशीबशी रेटली; मग एके दिवशीं देव तिच्या सोंवळ्याच्या धाबळींत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेंत ठेवून दिले. चिरंजीव पुण्याहून दोनदां विचारून चुकले होते, कीं देव एखाद्या मंदिरांत द्यावे कीं नदींत सोडावे? आम्हांस उत्तर देववेना. तें भक्तीमुळें कीं भीतीमुळें, हें आम्हांलाही सांगतां आलें नसतें. नातवाला वादांत गुंतविण्याऐवजीं आम्हीं म्हटलें, "उद्यां मेहकरला जाऊं."

मेहकर बुलढाणें जिल्ह्यांत, पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. मेघंकर नांवाच्या दैत्याला विष्णूनें शार्ङ्गधररूपानें मारिलें, त्यावरून गांवाचें नांव पडलें, अशी कथा आहे. जवळच्या लोणारासही तोच प्रकार: तेथें लवणासुर मेला, व दैत्यसूदनाचें सुंदर देऊळ उभें राहिलें. तेथील सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर उल्कापातानें झालें, असें शास्त्रज्ञ सांगतात. नातवानें हें आम्हांस बसमध्यें ऐकविलें. आम्हांस तें ठाऊक होतें, पण मुलानें सांगावें व आपण ऐकावें यांतही सुख असतें.

बालाजीच्या गाभाऱ्यांत शिरतांच मात्र तो गप्प झाला. काळ्या पाषाणाची ती उभी मूर्ति उंचीला अकरा फुटांच्या आसपास आहे. समोर उभें राहिलें कीं मान आपोआप वर जाते. चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. येथें आमच्यांतला शिक्षक जागा झाला. संध्येंत आचमनाच्या वेळीं आपण केशवादि चोवीस नांवें घेतों, तीं चोवीसच कां? चार आयुधें चार हातांत किती रीतींनीं धरतां येतील तें मोज, असें आम्हीं नातवाला सांगितलें. त्यानें बोटांवर हिशेब केला: चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. प्रत्येक क्रमाला शास्त्रानें एक नांव दिलें आहे. म्हणजे हातांचा क्रम पाहिला कीं देवाचें खरें नांव कळावयाचें! पण वस्त्रांत व माळांत तो क्रम कांहीं आम्हांस नीट लागेना. शिवाय शार्ङ्ग म्हणजे विष्णूचें धनुष्य. या मूर्तीच्या हातीं धनुष्य नाहीं. बालाजी हें नांव तर त्या चोविसांत नाहींच.

आमचें हें प्रवचन मंडपांत वाती वळीत बसलेली एक वृद्धा ऐकत होती. ती म्हणाली, "गुरुजी, पेटींतून निघाला तव्हां त्यानं काय नांव सांगितलं होतं? आमच्या लोकांनीं बालाजी म्हनलं. तो ओ देते."

या पेटीची हकीकत गांवांत सांगतात ती अशी. १८८८ सालीं येथें जमीन खणतांना लांकडी पेटींत ही मूर्ति सांपडली. संकटकाळीं कोणीतरी देव पुरून ठेविला, आणि पुरणारे पुन्हां आले नाहींत. तेव्हां वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. मूर्तीबरोबरचे दागिने व ताम्रपट सरकारांत गेले. आतां मूर्तिही समुद्रापार पदार्थसंग्रहालयांत जाणार, या धास्तीनें लोकांनीं घाईघाईनें तिची प्रतिष्ठा उरकली. अक्षता पडून पूजा सुरू झाल्यावर मग तिला कोणी हात लाविला नाहीं.

"मुहूर्त पाहिला होता का?" आम्हीं विचारलें.

"कोन पाहते मुहूर्त? घरांत चोर आला तर पोराले उचलाले मुहूर्त पाहतां का?"

या उत्तरावर आमच्या पोथ्यांत प्रत्युत्तर नाहीं.

परततांना नातू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या कादंबरींतलं गांवही धरणाच्या वेळीं असंच उठलं होतं. भीती नंतर आली." पुढचे भाग वाचून झाल्यावर देवाचा कोप खरा कीं माणसाचें कपट तें आम्हांस सांग, असें आम्हीं त्यास बजाविलें. त्यानें हंसून, तें आधींच सांगण्याची रीत नाहीं, असें उत्तर दिलें. आमच्या वेळीं शेवटचें पान आधीं वाचणारी मंडळी घरोघर असत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ट्रंक उघडून आम्हीं ती धाबळी ओटीवर सोडली. शाळिग्राम, बाण, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. हा कोण, हा कोण, असें विचारीत नातवानें चिंचेनें एकेक देव घांसला. अन्नपूर्णेच्या हातांतली पळी मोडलेली निघाली. ती कधीं मोडली, हें सांगणारें घरांत आतां कोणी नाहीं.