विषय : मायच्या बोटांबाबत

आमच्या बी.कॉम.च्या पदवीपत्रावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे. ते विद्यापीठ मात्र आम्ही वीस-बावीस वर्षे एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिले. धुळ्याला जाताना गिरणेचा पूल ओलांडून बांभोरी मागे पडले की विद्यापीठ दिसू लागे आणि शेजारी बसलेल्याला आम्ही तोऱ्यात सांगत असू, “आम्ही इथलेच पदवीधर बरं का.” कधी आत गेला होतात का, असे कोणी विचारले नाही हे आमचे नशीब.

यात आमचे एकट्याचे काही विशेष नाही. खेड्यातला मुलगा गावाजवळच्या संलग्न महाविद्यालयात शिकतो, परीक्षा तिथेच देतो, गुणपत्रिका तिथेच मिळते. पूर्वी तर खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि मोठी माणसे म्हणत होती की आता पोरांना कागदपत्रांसाठी पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. विद्यापीठ म्हणजे कागद मिळण्याचे ठिकाण, एवढीच आमच्या वाड्याची समजूत. तेथे व्याख्याने होतात, नाटके बसवतात, कविता लिहावयास शिकवतात, हे आमच्या गावी नव्हते. नशिराबादहून ते अंतर सारे वीस किलोमीटरच्या आसपास.

आता मूळ गोष्ट सांगतो. आमची थोरली मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. एके दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “पप्पा, विद्यापीठात दोन दिवसांची लेखन कार्यशाळा आहे. पहिल्या दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशी व्याख्यान. बाहेरच्यांनाही येता येतं. मी नाव देऊ?”

आम्ही नाही म्हटले. कारण सांगितले ते असे की, स्पर्धा परीक्षेचा क्लास बुडेल, त्याची फी भरलेली आहे, कविता लिहून कुणाची चूल पेटली आहे काय? पतसंस्थेतल्या कारकुनाला शोभेल असे हे उत्तर होते. पोर काही बोलली नाही. आमच्या सौ. मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, “जयंतीला लोकांच्या पोरांना सांगता, वाचा, लिहा, बोला. घरच्या पोरीला नाही सांगत?”

खरे कारण वेगळे होते आणि ते आम्ही सौ.नाही कधी सांगितले नव्हते. आज येथे लिहितो.

आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयात एका साहित्यिकाचे व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर प्रश्न विचारा म्हणाले. आमच्या मनात एक प्रश्न फार दिवस घोळत होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एवढी मोठी घटना, तर तिच्यावर शाळेच्या पुस्तकात एखादी गोष्ट, एखादा धडा आम्हांला का लागला नाही? आम्ही उभे राहिलो आणि बोलायला सुरुवात केली, “सर, तळ्याच्या पान्यावर...” मागच्या बाकावरून कोणीतरी ‘पानी, पानी’ असे चिडवले. सभागृह हसले. वक्तेही हसले. प्रश्न अर्धाच राहिला व आम्ही खाली बसलो.

त्यानंतर आम्ही सभेत कागदाशिवाय तोंड उघडले नाही. चौदा एप्रिलच्या सुमारास आमच्या विहारात व्याख्याने होतात. वक्ता ठरवणे, माईक सांगणे, सतरंज्या गोळा करणे, वर्गणीचा हिशेब हे सगळे आमच्याकडे असते. प्रास्ताविकही आम्हीच करतो, पण वाचून. आदल्या रात्री बसून प्रत्येक ‘ण’खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवतो. लोकांना वाटते, दादा मोठे शिस्तीचे. ही शिस्त कुठून आली हे आता वाचकांना कळले असेल.

आमच्या पोरीचे बोलणे आमच्यासारखेच आहे. तिलाही कोणी हसले तर, ही ती भीती होती.

शेवटी आम्ही एक मधला मार्ग काढला. बाहेरच्यांना येता येते ना, मग आम्हीही येतो. सोबतीला म्हणून आमचेही नाव दिले, एका दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि सकाळी सातला बापलेक नशिराबादच्या फाट्यावर उभे राहिलो. जळगावला गाडी बदलावी लागली. डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी.

आत गेल्यावर पहिली जाणीव झाली ती मोकळ्या जागेची. सहाशे एकरांहून मोठा परिसर आहे. टेकड्या, झाडे, दूरदूर इमारती. २०१८ सालापासून विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाई असोद्याच्या, म्हणजे आमच्या परिसरातल्याच. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या जे म्हणत ते घरच्यांनी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. चिरंजीव सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ज्या बाईला सही करता आली नसती तिचे नाव आज आमच्या भागातल्या पदवीपत्रांवर छापले जाते. मुलीने आम्हांला हे फाटकाजवळ ऐकवले. आम्हांला ते ठाऊक होते, पण असे कधी जोडून पाहिले नव्हते. आणि मनात आले, बहिणाबाई ‘पाणी’ म्हणत होत्या की ‘पानी’?

कार्यशाळेत तीस-पस्तीस जण होते. बहुतेक कॉलेजची मुले, दोन-तीन शिक्षक, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. शिकवणाऱ्या बाई साध्या होत्या. भाषण केले नाही. सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, “घरातल्या एका माणसाच्या हातांवर लिहा. पंधरा मिनिटं.” आम्ही म्हटले, आम्ही सोबतीला आलो आहोत. त्या म्हणाल्या, “काका, इथं सोबतीला कोणी नसतं. घ्या कागद.”

वाचकहो, आम्ही रोज लिहितो. वीस वर्षांत आवक-जावक, स्मरणपत्रे, थकबाकीच्या नोटिसा, ठराव, किती लिहिले असेल याची गणती नाही. संघटनेची निवेदने तर तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत गेली आहेत. त्या कोऱ्या कागदापुढे मात्र पाच मिनिटे हात चालेना. हात म्हटल्यावर डोळ्यांपुढे आली ती मायची बोटे. आमची माय जळगावच्या दाळ मिलमध्ये धान्य निवडायला जात असे. संध्याकाळी ती आमच्या डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा बोटांची टोके केसांत अडकायची. हे लिहावे कसे? शेवटी जे येते तेच लिहिले. वर लिहिले, प्रति. मग विषय : मायच्या बोटांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की...

नंतर बाईंनी एकेकाला वाचायला सांगितले. आमच्या मुलीची पाळी आली. तिने आमच्या हातांवर लिहिले होते. अंगठ्याला लागलेली शिक्क्याची निळी शाई, जी रविवारीही जात नाही. जयंतीच्या आदल्या रात्री पेन्सिल घेऊन बसलेले पप्पा. आणि पुढे असे की, प्रास्ताविक वाचताना पप्पांच्या हातातला कागद थरथरतो, म्हणून मी पहिल्या रांगेत बसते आणि पान्याचा तांब्या भरून ठेवते, पप्पा पानी पितात तेवढ्यात कागद स्थिर होतो.

तिने ‘पान्याचा’ म्हटले, ‘पानी’ म्हटले. आमचे कान मागच्या बाकांकडे लागले होते. कोणी हसले नाही. बाई म्हणाल्या, “तांब्याचं ते वाक्य पुन्हा वाच.” तिने पुन्हा वाचले, तसेच. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. इतक्या वर्षांत तो थरथरणारा कागद कोणाला दिसला नाही अशी आमची समजूत होती.

त्यानंतर आमचा अर्ज वाचला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ला लोक खळखळून हसले. पण बोटे केसांत अडकायची तेथे शांत झाले. शेवटी आम्ही ‘तरी मेहेरबानांनी सदर बोटांची नोंद घ्यावी’ असे लिहिले होते. बाई म्हणाल्या, हे खोडू नका.

दुसऱ्या दिवशीचे व्याख्यान लांबले. वक्ते विद्वान होते, पण घड्याळ पाहत नव्हते, आणि अर्धी मुले मोबाइलमध्ये होती. चहा मात्र चांगला होता. आमच्या मते भाषण ऐकण्यापेक्षा तो कोरा कागद हाती येणे मोठे. मांडवात ऐकणारे आपण नेहमीच आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला एकीकडे अखिल भारतीय साहित्य संमेलन आणि दुसरीकडे विद्रोही साहित्य संमेलन भरले. आमच्या गावचे आम्ही चार जण विद्रोहीला गेलो, टाळ्या वाजवल्या, पुस्तके घेतली, परत आलो. तेथेही कोणी आमच्या हाती कागद दिला नाही आणि आम्ही मागितलाही नाही.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले आणि पुढे ते मिलिंद म्हणून नावारूपास आले, हे आपण पाठ केलेले आहे. पण त्या नागसेनवनात तासांखेरीज काय चालत असे याकडे आपले लक्ष कमी गेले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि १९५५ साली ते तेथे रंगमंचावर आले. पुढच्या वर्षी दीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. मिलिंदमध्ये शिकवणारे गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवले आणि त्यातून किती तरी जण पहिल्यांदा लिहिते झाले. गावकुसाबाहेरून आलेल्या पोराला तेथे परीक्षेपलीकडेही लिहावेसे वाटले, कारण विचारणारे कोणी तरी होते.

आज विद्यापीठांत असे कार्यक्रम होतात. ‘युवारंग’सारखा युवक महोत्सव आमच्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील मुलांसाठी दरवर्षी भरतो, त्यात वक्तृत्व, काव्य, नाट्य, लोककला असते. पुण्यात जयकरांच्या नावाने बहिःशाल व्याख्यानमाला आहेत, त्या तालुक्याच्या गावापर्यंत जातात. पण अशा कार्यक्रमांची सूचना लागते महाविद्यालयाच्या फलकावर. दाळ मिलमधल्या बाईने किंवा कारखान्यातल्या कामगाराने ती कुठे वाचावी? याचा दोष दुसऱ्यावर ढकलण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहिले. आमच्या विहाराच्या बाहेर काळा फळा आहे. त्यावर पौर्णिमेचा कार्यक्रम, निधनवार्ता आणि वर्गणी एवढेच लिहिले जाते. परत आल्यावर त्या फळ्याचा उजवा कोपरा आम्ही मुलीकडे दिला. कुठे व्याख्यान आहे, कुठे शिबिर आहे, प्रवेश सर्वांना आहे का, कोणती गाडी धरायची, भाडे किती, हे ती लिहिते. भाडे लिहिणे फार महत्त्वाचे असते. पुढच्या वेळी वाड्यातली तीन पोरे आणि एक शिवणकाम करणारी ताई जायचे म्हणत आहेत. ताईंचा प्रश्न असा की, एका दिवसाची शिलाई बुडेल ती कशी भरायची? त्याचे उत्तर आमच्यापाशी अजून नाही.

पोरीचा क्लासही चालू आहे, हे येथे सांगून ठेवतो. परीक्षा दिलीच पाहिजे याबद्दल आमचे मत बदललेले नाही.

कार्यशाळेवरून परतलो त्या रात्री जेवणे झाल्यावर मुलीने आजीला आमचा अर्ज वाचून दाखवला. माय आता सत्तरीच्या पुढे आहे. भिंतीला टेकून तिने सगळा ऐकला. आम्हांला वाटले डोळे पुसेल. ती म्हणाली, “तूर काबर लिहिली रे भाऊ? त्या वर्षी मूग व्हता. मुगात खडा दिसत नाही, बोटानं हुडका लागतो.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “अन् मजुरी नाही लिहिली?”

मजुरी आम्हांला ठाऊकच नव्हती. “बारा रुपये रोज,” माय म्हणाली, “अन् सुट्टी केली तर काहीच नाही.”

मुलीने पेन घेतले, तूर खोडून मूग केले आणि खाली ता.क. घालून मजुरी लिहिली.