अडकलंय की चाललंय, हे आधी बघा

आपल्याकडे "काँप्युटर हँग झालाय" म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. दाखला असो, शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, माणूस मान हलवतो आणि घरी जातो. नेमकं कुठे अडकलंय, कशाची वाट बघतंय, हे कुणी विचारत नाही. मग दोनच उपाय उरतात: बटण दाबून बंद करा, नाहीतर फॉरमॅट मारा.

गेल्या महिन्यात आपल्या वाचनालयातल्या मुख्य काँप्युटरवर हे दोन्ही उपाय होता होता टळले. म्हणून ही जरा लांब पोस्ट. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, कुठेही काँप्युटर सांभाळणाऱ्याने वाचावी अशी विनंती.

आधी पार्श्वभूमी. वाचनालयाच्या जुन्या मशीनवर उबुंटू २०.०४ आहे. ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने टाकून दिली होती. तिचा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" असं अनेकजण म्हणतात. त्यांनी मे २०१७ आठवावा. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने तेव्हा जगभरातली विंडोजची मशीनं बंद पाडली, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी टाकलं नाही, ते सापडले. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. म्हणजे हा प्रश्न एकट्या वाचनालयाचा नाही.

तर ग्रंथपाल मॅडमनी सकाळी २२.०४ चं अपग्रेड सुरू केलं. वाचनालयाची ब्रॉडबँडची लाईन रस्त्याच्या खोदकामात तुटून महिना झालेला, त्यामुळे नेट मॅडमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून. त्याच हॉटस्पॉटवर अभ्यासिकेतली तीन-चार पोरंही. दुपारपर्यंत सगळी पॅकेजं उतरली, बसवायला सुरुवात झाली आणि एका ओळीवर येऊन काम थांबलं. फायरफॉक्सचं स्नॅप बसवत आहे, एवढंच लिहिलेलं. एक तास झाला, दोन झाले, ओळ हलेना.

दुरुस्तीवाले भाऊ आले. बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, गेलं हे. फॉरमॅट मारतो, तासाभरात नवं टाकून देतो."

त्याच डिस्कवर वाचनालयाच्या अकरा हजार पुस्तकांची यादी होती. दोन ताईंनी तीन वर्षं बसून, जुन्या फाटक्या रजिस्टरवरून एकेक ओळ टाईप केलेली. दुसरी प्रत कुठेच नाही. मॅडमनी मला फोन केला, कारण माझ्या साप्ताहिकाची पानं मी अशाच मशीनवर लावतो. "दादा, तुम्ही येईपर्यंत मी कुणाला हात लावू देत नाही," असं म्हणाल्या. खरं काम त्यांच्या त्या वाक्याने केलं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, इंजिनिअर नाही. पण या धंद्यात एक सवय लागते. "काम रखडलंय" असं कुणी सांगितलं की आपण विचारतो: कुठल्या टेबलावर? काँप्युटरलाही तेच विचारायचं.

अपग्रेडचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा पॅकेजं उतरवून घेण्याचा. तो मध्येच थांबवला तरी सहसा काही बिघडत नाही. जुनी सिस्टिम तशीच असते आणि उतरलेला माल जागेवर राहतो. दुसरा टप्पा जुनं काढून नवं बसवण्याचा. डाउनलोड संपल्यावर हे काम रद्द करता येणार नाही, अशी सूचना सुरू करतानाच येते. इथे बटण दाबून बंद केलं तर अर्धं घर पाडलेलं, अर्धं बांधलेलं अशी अवस्था होते.

गोम अशी, की २२.०४ पासून उबुंटूमध्ये फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजमधून येत नाही, स्नॅप नावाच्या वेगळ्या प्रकारात येतो. नेहमीच्या यादीत त्याच्या नावाचं छोटंसं पाकीट असतं. ते उघडलं की आत जणू चिठ्ठी: माल दुसऱ्या दुकानातून आणा. म्हणजे डाउनलोड संपलं असं सगळ्यांना वाटत असताना, बसवण्याच्या टप्प्यात पुन्हा एक मोठं डाउनलोड सुरू होतं. आणि ते किती झालं हे समोरच्या खिडकीत नीट दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मेलं.

आम्ही दुसरी टर्मिनलची खिडकी उघडली आणि "स्नॅप चेंजेस" ही आज्ञा दिली (टाईप अर्थातच इंग्रजीत करायची). चालू कामांची यादी आली. फायरफॉक्सपुढे "डुइंग" लिहिलेलं, म्हणजे काम चालू. त्या ओळीतला क्रमांक घेऊन "स्नॅप टास्क्स" विचारलं, तर किती टक्के उतरलंय तेही कळलं. टक्के वाढत होते, पण गोगलगायीच्या चालीने.

मग मोबाईल बघितला. प्लॅन रोज २ जीबीचा. अपग्रेड आणि पोरं मिळून दुपारीच संपलेला. त्यानंतर नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला ८ केबी. २५० एमबीची फाईल असेल तर या वेगाने जवळपास नऊ तास! मशीन धडधाकट होतं. नेट उपाशी होतं.

अभ्यासिकेतल्या एका पोराने आपला हॉटस्पॉट दिला. त्याचा त्या दिवसाचा डेटा शिल्लक होता. टक्के पळायला लागले. संध्याकाळी मशीन नव्या रूपात सुरू झालं, यादी जागच्या जागी. दुरुस्तीवाले भाऊही थांबून बघत होते, आणि जाताना त्या दोन आज्ञा लिहून घेऊन गेले. त्यांचा राग धरू नका. दिवसाला दहा मशीनं बघणाऱ्याला फॉरमॅट हाच परवडणारा उपाय असतो.

तुमच्याकडे असं झालं तर क्रमाने बघा.

१. कुठला टप्पा चालू आहे ते ओळखा. दुसरा असेल तर बटणाला हात नको. आणि अपग्रेड यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तरच सुरू करा.

२. नेट "आहे" एवढ्यावर जाऊ नका, वेग मोजा. रोजचा डेटा संपलाय का बघा.

३. डिस्कवर जागा आहे का बघा. "डीएफ" या आज्ञेने कळतं.

४. पहिल्याच टप्प्यात शून्य टक्क्यावर अडकलं तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतातल्या सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हर निवडा आणि पुन्हा सुरू करा.

५. वीज गेलीच तर लगेच फॉरमॅट नको. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करण्याची सोय असते. डीपीकेजी नावाचा प्रोग्राम ते करतो, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

६. आणि हे सगळं करण्याच्या आदल्या दिवशी, सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर.

आता खरा मुद्दा. नवीन काँप्युटर आला की हार घालून फोटो निघतो. मीही ते फोटो छापलेत, पुढेही छापीन. पण तो काँप्युटर पाच वर्षं चालवायला नेट लागतं, बॅटरी लागते, बॅकअपची डिस्क लागते आणि हे जाणणारा एक माणूस लागतो. त्याची तरतूद किती संस्थांच्या अंदाजपत्रकात आहे? वाचनालयाची तुटलेली लाईन मी ही पोस्ट लिहितोय तेव्हाही तशीच लोंबकळतेय. अकरा हजार पुस्तकांची नोंद एका पोराच्या उरलेल्या डेटावर वाचली, ही कौतुकाची गोष्ट नाही, काळजीची आहे.

वाचनालयाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: बॅकअपसाठी एक हार्ड डिस्क आणि वर्षभराचं नेटचं बिल आगाऊ. सभासद असाल तर या आणि हात वर करा. दुसऱ्या संस्थेत असाल तर तुमच्या सभेत हाच प्रश्न विचारा: आपल्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे?

उत्तर आलं नाही, तर तिथे नक्की काहीतरी अडकलंय.