सिन्नरची गारगोटी आणि नानांचा दगड

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर एक दगड आहे. चांगला दोन किलोंचा. एका बाजूने काळा, तर दुसऱ्या बाजूला अबोली रंगाचे चकचकीत झुपके. येणाऱ्या बायका विचारतात, "कुठून विकत आणलात हो?" मी सांगते, "विहिरीतून."

माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. १९९७ साली नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहीर खणायला काढली. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. मुरूम संपून काळा पाषाण लागला, सुरुंग लावले, साठ फुटांपर्यंत गेले. पण पाणी काही लागलं नाही. लागला तो हा दगड. नाना त्या झुपक्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, ज्वारीच्या पेंढ्या बांधून ठेवल्यात!" आईने मात्र त्याला न्हाणीघराशेजारी टाकलं. "ह्या धोंड्यापायी पाटल्या गेल्या," एवढंच तिचं म्हणणं. नाना गेल्यावर मी तो मागून आणला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलं मागे लागली म्हणून आम्ही 'गारगोटी' बघायला गेलो. नाशिकपासून तासाभराच्या आत, सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत हे खनिजांचं संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी ते २००१ साली उभारलं. वाटेत आईलाही घेतलं. ती कुरकुरली, "दगड बघायला कुणी पैसे देतं का?" पण गाडीत बसली.

आत शिरलो आणि मुलांची तोंडं बंदच झाली. काचेच्या कपाटांत, दिव्यांच्या उजेडात आपल्याच मातीतले दगड. पुण्याच्या पाषाण भागातून निघालेलं हिरवंगार ॲपोफिलाइट. त्याला तो हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या अंशामुळे येतो. वाघोलीच्या खाणीतलं मोरपिशी निळं कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन ह्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. ते आधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं, पण त्याचे उत्तम नमुने वाघोलीचेच. कापसाच्या बोंडासारखं दिसणारं ओकेनाइट पाहून धाकटा म्हणाला, "आई, हा म्हातारीचा कापूस!"

हे सगळं आपल्याकडेच इतकं का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. रस थंड होताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून ऊन पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली द्रव्यं सावकाश स्फटिक होऊन बसली. पाक आटला की पातेल्याच्या कडेला साखर बसते, तसंच. विहीर किंवा खाण खणताना अशी पोकळी फुटली की हे भांडार उघडं पडतं.

एका कपाटापाशी मी थबकले. अबोली रंगाच्या पेंढ्या! पाटीवर लिहिलं होतं, 'स्टिल्बाइट'. शेजारीच पांढऱ्या लखलखीत सुयांचा गुच्छ, 'स्कोलेसाइट'. तो बघून पोटात कालवलं. नानांच्या दगडाच्या एका कोपऱ्यात अगदी अशाच सुया होत्या. घरी आणल्यावर तो पिवळट दिसतो म्हणून मी त्या कोपऱ्यावर फरशी धुवायचं ॲसिड ओतलं होतं. सुयांचा चिकट लगदा झाला, आणि वाळल्यावर नुसता खडूसारखा भुगा. नानांनी वीसेक वर्षं जपलेली वस्तू मी पाच मिनिटांत घालवली. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, त्या सुयांकडेच बघत राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात मुलांनी गोळा केलेले दगड असतील. ते ओळखायला सोपे उपाय आहेत. नुसत्या रंगावर जाऊ नका. बाजारात रंगवलेले दगडही पुष्कळ असतात.

आधी टणकपणा बघा. खरी गारगोटी काचेवर चरा पाडते, आणि सुरीच्या टोकाने तिच्यावर चरा उठत नाही. कॅल्साइट, स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट ह्यांच्यावर सुरीने चरा उठतो, नखाने नाही. परीक्षा मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला करावी.

मग एखाद्या पडलेल्या कणीची पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे आले तर बहुधा कॅल्साइट.

शेवटी आकार बघा. गारगोटीचा स्फटिक सहा पैलूंचा व टोकदार, ॲपोफिलाइट चौकोनी, तर स्टिल्बाइट मधे बांधलेल्या पेंढीसारखं.

धुवायचं ते साध्या पाण्याने आणि जुन्या मऊ ब्रशने. ॲसिड मुळीच नको. सुयांच्या किंवा कापसासारख्या दगडांना हातही लावू नये. जांभळी गारगोटी उन्हात ठेवली की तिचा रंग उडतो. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात कप्पे करावेत आणि प्रत्येक दगडाजवळ कुठे, कधी मिळाला ते चिठ्ठीवर लिहून ठेवावं. खाणीत मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये, सुरुंगाच्या जागी तर नाहीच. अजिंठा-वेरूळसारख्या ठिकाणी खडाही उचलू नये.

परतताना सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वराचं देऊळ बघितलं. तेही ह्याच काळ्या पाषाणाचं. तिथल्या ओट्यावर डबे उघडले, तेव्हा मी आईला वाचलेली एक गोष्ट सांगितली. स्टिल्बाइट ज्या कुळातलं, त्या कुळाचं नाव झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तर त्यातून पाणी फसफसून बाहेर आलं. स्टिल्बाइटच्या शंभर ग्रॅममध्ये सतरा-अठरा ग्रॅम पाणीच असतं. ह्याच कुळातले कृत्रिम पदार्थ आज काही धुण्याच्या पावडरींत घालतात. ते पाण्याचा जडपणा शोषून घेतात.

आईचा भाकरीचा घास हातातच राहिला. "म्हणजे पाणी होतं की गं विहिरीत," ती म्हणाली.

"होतं. पण काढता येण्यासारखं नव्हतं."

"त्यांना कुणी सांगायला हवं होतं."

त्या दिवशी ती आमच्याकडेच राहिली. सकाळी उठून बघते, तर ती कपाटापुढे उभी राहून पदराने दगडावरची धूळ टिपत होती. मी म्हटलं, "आई, ब्रश देते." तर म्हणाली, "राहू दे. तुझ्या ब्रशापेक्षा हा मऊ आहे."