टिंग, टुंग आणि पांढरी एक

आमच्या घरात माणसं तीन आणि आवाज अकरा. कुकरची शिट्टी, दाराची बेल, वॉशिंग मशीनचं ते लाडिक गाणं यात धरलेलं नाही. हे अकराच्या अकरा नुसते मोबाईलचे. बँकेचा मेसेज आला की टिंग, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं की टुंग, मुलीच्या फोनवर एक बेडूक ओरडतो आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या मेलला लाकडावर टिचकी मारल्यासारखा टक्क. यातला कुठला आवाज कुणाचा हे आम्हाला झोपेतही ओळखता येतं, आणि पाहुण्यांना मात्र घर भुताटकीचं वाटतं.

लोक म्हणतात, काय हा रिकामपणाचा उद्योग! आहे तो आवाज राहू द्यावा की. पण जो आवाज फोनबरोबर येतो तो सगळ्यांचा सारखाच असतो, ही खरी अडचण. बसमध्ये एकाचा मेसेज वाजतो आणि सहाजण खिसे चाचपतात. साधारण २०१२ च्या सुमाराला सॅमसंगच्या फोनची ती शिट्टी आठवतेय? लग्नाच्या पंगतीत वाजली की अर्धी पंगत माना खाली घालून खिशात बघायची. वाढपी जिलबी घेऊन ताटकळत उभा!

आमच्या पिढीला हे वेड लागलं ते नोकियापासून. त्या फोनचा मेसेजचा आवाज आठवून बघा. तीन छोटे, दोन लांब, तीन छोटे. ती तारायंत्राची, म्हणजे मोर्सची भाषा होती. तीन टिंब म्हणजे एस, दोन रेघा म्हणजे एम, पुन्हा तीन टिंब एस. फोन आपल्याला चक्क 'एसएमएस' असं सांगत होता आणि आपण त्याला नुसतं 'टुकटुक' समजत होतो. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. आपल्या हातात ते सगळं यायला पुढे बरीच वर्षं लागली. मग ३३१० वर रिंगटोन स्वतः 'रचता' यायची. कुठलं बटन किती वेळा दाबायचं याच्या याद्या हॉस्टेलमध्ये वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या जायच्या. अभ्यासाच्या नोट्स एवढ्या निष्ठेने कुणी उतरवल्या नसतील.

आयफोनवाल्यांचा तो तीन सुरांचा मेसेज आहे ना, त्याची गोष्टही मजेदार आहे. केली जॅकलिन नावाच्या प्रोग्रॅमरने तो १९९८ च्या सुमाराला दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरसाठी बनवला होता. सीडीवर गाणी भरून झाली की कळावं म्हणून, मारिंबाच्या आवाजात. पुढे ते सॉफ्टवेअर ॲपलने विकत घेतलं, त्याचं आयट्यून्स झालं, आणि तो आवाज फिरत फिरत २००७ साली आयफोनमध्ये येऊन बसला. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं तेव्हा ॲपलने सूचनांचा नेहमीचा आवाज बदलला. नवा आवाज फारच हळू आहे, ऐकूच येत नाही, अशी लोकांनी ओरड केली. शेवटी त्याच डिसेंबरमध्ये १७.२ मध्ये तो आवाज आपला आपण बदलायची सोय द्यावी लागली. एवढीशी टिंग, पण माणसं तिच्यावर किती विसंबून असतात बघा.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमचे आबा.

आबा सांगलीला गावभागात राहतात. वय वर्षं एक्याऐंशी. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे इतर लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसं ते आयर्विन पुलाची पातळी विचारतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांना आणि आईला विश्रामबागेत आत्याकडे हलवलं होतं. निघताना आईने आधी पेटी माळ्यावर चढवायला लावली आणि मग दागिन्यांचा डबा शोधायला घेतला. २०२१ मध्ये आई गेली. आबा एकटेच राहतात. पुण्याला चला म्हटलं की म्हणतात, "नदी सोडून कुठं येऊ?"

आता पावसाळ्यात मी पुण्यात, भाऊ बंगळूरला, आणि आमचा सगळा भरवसा मेसेजवर. कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, पाणी किती चढलं, औषधं घेतलीत का, वरच्या मजल्यावर झोपा. फोन केला तर आबांना तो 'उगाच घाबरवणं' वाटतो. मेसेज त्यांना आवडतो. चष्मा लावून सावकाश वाचतात आणि व्याकरण तपासून उत्तर पाठवतात.

पण २०२४ च्या जुलैअखेरीस नदी पुन्हा पात्राबाहेर आली, आणि रात्री पाठवलेल्या माझ्या मेसेजवरच्या दोन खुणा निळ्या व्हायलाच तयार नाहीत. एक तास, दोन तास. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. आबा फोन उशाशी ठेवून जागेच होते, रेडिओ लावून. "वाजला नाही बाबा," एवढंच म्हणाले. फोन वाजला होता. काकांनी समोर उभं राहून पुन्हा मेसेज करून पाहिला, त्यांना तो स्पष्ट ऐकू आला.

त्याआधी नातेवाईकांत कुजबुज होतीच. आबा हल्ली मेसेजला उत्तर देत नाहीत, आई गेल्यापासून तुटक झालेत, कुणावर तरी रागावलेत. (हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये. नावं घेतलेली नाहीत.) मला ते कधी पटलं नव्हतं. समोर बसलं की ते तासन्‌तास बोलतात. मग कान तपासून घेतले. तिथल्या बाईंनी कागदावर एक आलेख काढून दिला. डावीकडून रेघ बऱ्यापैकी सरळ येते आणि २००० हर्ट्झच्या पुढे डोंगरावरून कोसळल्यासारखी खाली जाते.

वय झालं की कान असेच जातात. आधी बारीक, चिरके आवाज जातात, जाडे आवाज शेवटपर्यंत साथ देतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "तू बोलतोयस ते ऐकू येतंय, पण कळत नाहीये." आणि मोबाईलचे नेहमीचे आवाज? बहुतेक सगळे किणकिणते, काचेवर चमचा वाजवल्यासारखे. बनवणारे तरुण, त्यांचे कान तरुण. त्यात तो आवाज जेमतेम अर्धा सेकंद. आबांच्या बाजूने पाहिलं तर तो फोन मुकाच होता.

याचीच उलटी गंमत इंग्लंडातल्या शाळकरी पोरांनी केली होती. २००५ मध्ये वेल्समधल्या एका माणसाने दुकानांबाहेर टोळकी जमू नयेत म्हणून एक यंत्र बनवलं. १७ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज, जो पोरांना छळतो आणि मोठ्यांना ऐकूच येत नाही. पोरं हुशार. त्यांनी तसाच आवाज मेसेजला लावला आणि वर्गात मास्तरांच्या नाकासमोर मेसेज झेलू लागली!

पोरांना मास्तरांना ऐकू न येणारा आवाज सापडतो, तर मला आबांना ऐकू येणारा सापडू नये? शोधायला बसले, आणि उत्तर मिळालं ते आगीच्या घंटांच्या अभ्यासात. नेहमीचा धूर ओळखणारा भोंगा साधारण ३१०० हर्ट्झवर केकाटतो, आणि झोपलेल्या वृद्धांना नेमका तोच ऐकू येत नाही. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांवर वेगवेगळे आवाज वाजवून पाहिले. त्यात ५२० हर्ट्झचा, पण शुद्ध बासरीसारखा नाही तर खरखरीत, भरड आवाज जास्त चांगला ठरला. कारण भरड आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले वरचे सूरही असतात. एक निसटला तर दुसरा कानाला पकडतो. फार खालचा आवाजही चालत नाही, कारण मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्याला खर्ज झेपत नाही.

५२० हर्ट्झ हा आकडा डोक्यात घोळत होता. सुरात सांगायचं तर किती? हिशेब केला तर पांढरी एक, तारसप्तकातली. तिची कंपनसंख्या ५२३. आणि भरड, पटीतल्या सुरांनी भरलेला आवाज म्हणजे? पेटीचा! पितळी रीड हवेने थरथरते तेव्हा तेच तर होतं.

पेटी माळ्यावरच होती. आईच्या भजनी मंडळाची, डबल रीडची, त्यामुळे एक पट्टी दाबली की खालच्या सप्तकातला सूरही बरोबर लागतो. खाली काढली, पुसली. भाता थोडा फुटलेला, सूर किंचित उतरलेला. आबा पेपर वाचत होते, वर पाहिलं नाही. मी फोनवर तीन सेकंदांचा आवाज टिपला, आधी भात्याचा हुस्स, मग सूर. म्हटलं, तो हुस्स कापून टाकते, उगाच घरघर येते. तेव्हा पेपरमागून आवाज आला, "राहू दे तो. तिचा भाता असाच वाजायचा."

मी काही बोलले नाही.

बाकीचं काम दहा मिनिटांचं. अँड्रॉइड फोनच्या 'नोटिफिकेशन्स' नावाच्या फोल्डरमध्ये ती फाईल टाकायची. मग व्हॉट्सॲपमध्ये ज्या माणसाला आवाज द्यायचा त्याचं नाव दाबून सूचनांमध्ये जायचं आणि फक्त त्याच्यासाठी तो आवाज निवडायचा. बऱ्याच फोनवर रिंगचा आवाज आणि सूचनेचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, दुसरी पट्टीही वर सरकवून ठेवायची. सुप्रभातवाले ग्रुप म्यूट. सरकारचा आपत्तीचा इशारा, २०२३ मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम केकाटले होते तो, त्याला आपण आवाज निवडून देऊ शकत नाही. तो तसाच राहिला. पेटी लावली फक्त तिघांना. मी, भाऊ आणि शेजारचे काका.

तिघांनाच का, यावर घरात बरीच चर्चा झाली. आत्या म्हणाली, मला का नाही? पण आबांनी स्वतःच ठरवलं. "पेटी वाजली की उठायचं. सगळ्यांसाठी उठायला लागलो तर कुणासाठीच उठणार नाही." इतकी वर्षं मी फोनचे आवाज बदलत आलेय, पण या सगळ्या उद्योगाचं मर्म कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. वेगळा आवाज म्हणजे शोभा नाही. या माणसासाठी मी हातातलं काम टाकेन, असं आपण आपल्यालाच दिलेलं वचन आहे ते. म्हणून ते चार-पाच जणांनाच देता येतं. माझ्या फोनवर पूर्वी सतरा जणांना वेगवेगळे आवाज होते. आता पाचच ठेवलेत. कुठले पाच ते विचारू नका, भांडणं होतील :)

कानाचं यंत्र घ्यायला आबा अजून तयार नाहीत. त्यावर वेगळं युद्ध चालू आहे आणि मी ते सोडणार नाहीये. मोबाईलचा आवाज बदलणं हा काही कानांवरचा इलाज नव्हे. समोरच्या माणसाचं बोलणं त्याने स्पष्ट होत नाही. पण रात्रीचे मेसेज आता वाचले जातात. काका सांगतात, पेटी वाजली की आबा बसल्या जागी एक क्षण थांबतात, मग चष्मा शोधतात. त्या एका क्षणात त्यांच्या मनात काय येतं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

परवा त्यांना म्हटलं, तुमच्या मेसेजला माझ्या फोनवर कुठला आवाज लावू? सांगाल तो लावते. बराच वेळ दोन खुणा नुसत्याच निळ्या. मग शुद्ध, पूर्णविरामासकट उत्तर आलं.

"साधाच ठेव. तुला ऐकू येते."

असो. तुमच्या घरात एकटं राहणारं कुणी वडीलधारं असेल तर पुढच्या भेटीत एक करा. दुसऱ्या खोलीतून त्यांना एक मेसेज पाठवा आणि ते मान वळवतात का बघा. आणि नसतील वळवत, तर ते रागावलेत असं समजण्याआधी घरातली पेटी, घंटा, जे काही जाडं वाजणारं असेल ते खाली काढा.